कंट्रोलचा ब्लॉक

राजेश्वरीताईंनी मला नोकरीच्या चौथ्या दिवशी मुस्काटात मारली. सगळ्यांदेखत मारली नाही, एवढीच मेहरबानी. मी पाच भावांत वाढलेली एकुलती बहीण. दर्ग्यामागच्या आमच्या गल्लीत रुबिनाच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती, त्यामुळं माझाही हात वर गेला होता. त्यांनी तो मनगटात धरला आणि दुसऱ्या हातानं समोरच्या पाण्याच्या भांड्याकडं बोट दाखवलं. पाण्यावर आधीच्या पेशंटचा एक काप तरंगत होता, कांद्याच्या पापुद्र्यासारखा.

आमचं काम थोडक्यात सांगते. ऑपरेशनात काढलेला किंवा पोस्टमॉर्टेममध्ये घेतलेला मांसाचा तुकडा बाटलीतून आमच्या लॅबमध्ये येतो. तो आम्ही मेणात बसवतो. त्या मेणाच्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. मग मशीनवर त्याचे पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलून रंगवायचे. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून डॉक्टर निदान लिहितात. दोन पेशंटच्या मधे पाणी पुसून घ्यायचं असतं. मी पुसलं नव्हतं.

"ह्या पाण्यातला एकीचा कॅन्सर दुसरीच्या काचेवर चढला, तर त्या धडधाकट बाईची छाती कापून टाकतेत," ताई म्हणाल्या. "ती तू परत लावून देणार हाईस का?"

मी हात खाली घेतला. माफी त्यांनीही मागितली नाही आणि मीही नाही. पण त्या दिवसापासून सहा वर्षं झाली, दोन ब्लॉकच्या मधे पाणी न पुसता मी एकदाही पुढं गेले नाही.

ताई मूळच्या तामलवाडीच्या, लग्न होऊन धाराशिवात आलेल्या. आता शेहेचाळीस वर्षांच्या आहेत. अंगानं बारीक, आवाज खर्जातला, आणि रागाला आल्या की डोळे मिटून घ्यायच्या. त्यांचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काचेवर नंबर पेन्सिलीनंच लिहायचा, कारण पेनची शाई रंगाच्या भांड्यात धुऊन जाते आणि पेशंट निनावी होतो. बाटलीवरचं नाव, नंबर आणि हकिगत एकीनं मोठ्यानं वाचायची, दुसरीनं रजिस्टरात बघायची. वाचणारीनं "बरोबर?" विचारायचं, बघणारीनं "बरोबर" म्हणायचं, त्याशिवाय झाकण उघडायचं नाही. रजिस्टरात चूक झाली तर खोडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, जुनं खाली वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करून आजची तारीख घालायची. मी एकदा व्हाइटनर लावला होता. ताईंनी ती बाटली खिडकीतून भिरकावली. खाली आमच्या काचा बघणाऱ्या डॉक्टर मॅडमची गाडी उभी होती, तिच्या काचेवर ती फुटली आणि मॅडम आम्हा दोघींवर तोंडसुख घेत आठवडाभर फिरत होत्या.

आणि सगळ्यांत मोठा नियम कंट्रोलचा. पहिल्यांदा ताई "कंट्रोल आण" म्हणाल्या तेव्हा मला हसू फुटलं होतं. आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. लॅबमधला कंट्रोल वेगळा. काही खास रंग असतात, ते नीट चढले की नाही हे कळायला, ज्याच्यात तो रंग चढणारच अशा एका जुन्या ब्लॉकची काच पेशंटच्या काचेबरोबर रंगवायची. आधी कंट्रोल बघायचा. तो रंगला नाही तर पेशंटची काचही फेकून द्यायची.

आमच्याकडं असा एक रंग आहे, जुन्या रक्ताचा. अंगात रक्त साकळलं की दोन-तीन दिवसांनी त्यातलं लोखंड सुटं होऊन तिथंच साचतं, आणि हा रंग त्या लोखंडाला निळं करतो. ताज्या माराला निळं येत नाही. त्याचा कंट्रोल म्हणजे एका पांथरीचा ब्लॉक, चौदा वर्षांपूर्वीचा. पांथरी म्हणजे डाव्या बरगडीखालचं इंद्रिय, तिथं मार लागला तर माणूस आतल्या आत रक्त जाऊन मरतं. ही पांथरी इतकी निळी व्हायची की मी एकदा विचारलं, कोणाची हो ही? ताई म्हणाल्या, असंल कोणाची तरी, तू काप.

दोन वर्षांपूर्वी निकिताच्या बाटल्या आल्या. निकिता तेवीस वर्षांची, तुळजापूरकडच्या एका गावात दिलेली. सकाळी गच्चीवरून पाय घसरून पडली आणि दवाखान्यात नेता नेता गेली, असं सासरच्यांनी लिहून दिलं होतं. अंगावर अकरा वळ होते. ते सगळे त्या एका पडण्यातले, असं नवरा कृष्णराज म्हणत होता. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी प्रत्येक वळाची कातडी वेगळ्या बाटलीत घालून पाठवली.

अकरा बाटल्या मी मोठ्यानं वाचल्या. पाठ. पाठ. डावी मांडी. दंड. कंबर. सातव्या बाटलीला माझा आवाज फुटला, तेव्हा ताईंनी उरलेल्या चार स्वतः वाचल्या. अकरा काचा आणि बारावा कंट्रोल असा घाणा लावला. डिस्टिल्ड पाणीच वापरलं, कारण बोअरच्या पाण्यात लोखंड असतं आणि ते खोटंच निळं दाखवतं. कंट्रोल निळा आला. मग निकिता बघितली. अकरांपैकी सहा काचा निळ्या होत्या.

म्हणजे सहा वळ त्या सकाळचे नव्हतेच. तिला कित्येक दिवस हाणत होते, आणि शेवटी ती गच्चीवरून पडली की टाकली एवढाच प्रश्न उरला होता. गावातला एकही माणूस पोलिसांपुढं बोलायला तयार नव्हता. कृष्णराजचा थोरला भाऊ रणधीर याच्या भीतीनं सगळ्यांच्या दातखिळी बसल्या होत्या. निकिताच्या बाजूनं बोलणाऱ्या फक्त आमच्या काचा होत्या.

रणधीरलाही ते कोणीतरी सांगितलं असणार. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लॅबमध्ये आम्ही दोघीच असताना तो दोन माणसं घेऊन आला. त्यांच्या हातात हॉकीच्या काठ्या होत्या. निकिताचे ब्लॉक कुठं आहेत, एवढंच त्यानं विचारलं. ताईंनी कपाटाकडं बोट दाखवलं. त्यानं खण ओढला तर आत दोन हजार पिवळे ठोकळे, सगळे काडेपेटीएवढे, सगळे सारखे, आणि वर नुसते नंबर. नावं रजिस्टरात असतात.

"नंबर सांग," तो म्हणाला.

 त्यानं ताईंचा उजवा हात धरून त्या लोखंडी खणात दाबला आणि लाथ मारून खण बंद केला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली काटकी मोडते तसा. त्यानं खण उघडला आणि पुन्हा लाथ मारली. ताईंनी डोळे मिटून घेतले होते आणि तोंडातून हूं की चूं केलं नाही. मला वाटलं भीतीनं. भीती नव्हती ती, सवय होती, हे मला नंतर कळलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लोखंडी स्टूल उचललं आणि जवळच्या माणसाच्या पाठीत घातलं. तो कपाटावर आपटला, त्याच्या हातातली काठी फिरली ती फळीवर बसली आणि फॉर्मालिनच्या बरण्या धडाधड खाली आल्या. तुकडे सडू नयेत म्हणून वापरतात ते पाणी. सवय नसलेल्याला त्याचा वास म्हणजे डोळ्यांत तिखट. क्षणात तिघंही आंधळ्यागत भिंती चाचपायला लागले. रणधीरनं जाता जाता मूठभर ब्लॉक उचलले आणि माझ्या पोटात काठी खुपसली. मी त्याच्या दंडाला चावले. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही, आणि मला त्याचा आजही पस्तावा नाही. शेवटी ते खोकत, रडत जिन्यावरून पळाले. त्यांनी नेलेल्या ब्लॉकचे नंबर आम्ही रजिस्टरात लावून बघितले तर ती कोणाकोणाची अपेंडिक्स निघाली.

ताईंची दोन बोटं कायमची वाकडी झाली. त्यांचा नवरा बजरंग, त्याचं विहिरीच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे, तो दवाखान्यात धावत आला. "माझ्या बायकूवर हात टाकतो म्हंजे काय," असं म्हणत तो मोठा पाना घेऊन रणधीरला शोधत दोन दिवस हिंडला. मला तेव्हा तो माणूस फार आवडला होता. मी घरी जाऊन अम्मीला सांगितलंसुद्धा, की नवरा असावा तर असा.

रणधीर जामिनावर सुटला. खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. साक्षीचं समन्स आलं त्याच आठवड्यात सरकारी वकिलांनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, की आरोपीच्या वकिलानं कंट्रोलच्या ब्लॉकची जुनी नोंद मागून घेतली आहे. त्या पेशंटच्या हकिगतीत लिहिलंय, आज सकाळी बाथरूममध्ये घसरून पडली, दुपारी ऑपरेशन. म्हणजे कंट्रोलमधलं रक्त पाच-सहा तासांचं, आणि तरी तो निळा. मग निकिताचे सहा वळही त्याच सकाळचे असू शकतात, असं तो म्हणणार. डॉक्टर मॅडम पुस्तकं दाखवतील, पण तुमच्याच लॅबचा कागद उलटा बोलतोय, वकील म्हणाले, आणि कोर्टात कागदापुढं पुस्तक लंगडं पडतं. नोंदीवरचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. नुसता कागद ताईंपुढं सरकवला. मी वाकून वाचला. राजेश्वरी बजरंग, वय बत्तीस.

लॅबच्या जिन्यावर बसून ताईंनी मला सांगितलं. सांगताना बाटलीवरची हकिगत वाचावी तसं सांगितलं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बजरंगनं पोटात लाथ मारली होती. दुखत होतं, तरी नऊ दिवस त्या कामावर येत राहिल्या. आतल्या आत पांथरी गळत होती. नवव्या दिवशी सकाळी ती फुटली आणि त्या खरोखरच बाथरूममध्ये पडल्या. स्ट्रेचरशेजारी त्यांचे वडील आण्णासाहेब आले, लेकीच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, घसरून पडले म्हण पोरी, आपलेच दात नि आपलेच ओठ. त्यांनी तसंच लिहून दिलं.

"महिन्यानं कामावर आले तर माझीच बाटली फळीवर पडून व्हती," ताई म्हणाल्या. "कापायला दुसरं कोण व्हतं? म्याच कापली. पैली काच रंगवली आन् बघितलं. रुबिना, इतका चांगला कंट्रोल म्या कधी बघितला नव्हता. वाया कशाला घालवायचा?"

 सहा वर्षं मी या बाईला कापत होते, रंगवत होते, छान निळी झाली म्हणून खूष होत होते. मी विचारलं, ऑपरेशननंतर तरी थांबला का तो? ताई म्हणाल्या, पोटात मारायचं थांबला. मग मला त्यांचे बारा महिने लांब बाह्यांचे ब्लाउज आठवले आणि मी माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. जुन्या माराच्या काचा वाचणारी मी, शेजारी बसलेली बाई मला वाचता आली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता त्या गप्प राहिल्या तर कृष्णराज सुटणार होता. बोलल्या तर संध्याकाळी घरी जायचं होतं. त्यातच बजरंगचं वारं फिरलं होतं. रणधीरनं गावच्या सात विहिरींच्या मोटारी त्याच्या दुकानात आणून टाकल्या होत्या आणि दोघांनी एकत्र चहा घेतला होता. पाना घेऊन फिरणारा वाघ एका कपात मांजर झाला. साक्षीच्या आदल्या सकाळी ताई कामावर आल्या तेव्हा त्यांचा ओठ फुटलेला होता. मी विचारायच्या आतच म्हणाल्या, घसरून पडले. मग मिनिटभरानं स्वतःच हसल्या, आणि त्या हसण्यानं ओठातून पुन्हा रक्त आलं.

कोर्टात बजरंग मागच्या बाकावर बसला होता, रणधीरच्या दोन हात अंतरावर. पुढच्या बाकावर निकिताची आई नागम्मा, उमरग्याकडची, अर्धी कानडी बोलणारी बाई, मांडीवर लेकीचा फोटो उलटा धरून बसली होती. आरोपीचा वकील गोड बोलणारा होता. त्यानं ताईंकडून सगळे नियम वदवून घेतले. पेन्सिल, वाचन, कंट्रोल. फार शिस्तीच्या आहात, म्हणाला. मग त्यानं नोंद पुढं केली आणि विचारलं, ही पेशंट तुम्हीच ना? ताई हो म्हणाल्या. ही हकिगत तुम्हीच सांगितलीत ना? ताई हो म्हणाल्या. मग खरी आहे की खोटी?

मागं बजरंग खाकरला. नुसता खाकरला, पण ताईंचे खांदे जागच्या जागी आखडले ते मी बघितले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेली केस. नागम्मा वर बघत होती, तिला बहुतेक निम्मंच कळत होतं.

"खोटी हाय," ताई डोळे उघडून म्हणाल्या. "म्या पडले नव्हते. नवऱ्यानं लाथ मारली व्हती, ऑपरेशनच्या नऊ दिवस आधी. माझं रक्त नऊ दिवसांचं हाय, म्हनून ते निळं हाय."

वकिलाचा गोडवा उतरला. म्हणजे तुम्ही खोटं लिहून देता, त्यानं विचारलं, मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? ताई म्हणाल्या, माझ्यावर ठेवू नका, काचेवर ठेवा. काच घसरून पडत नाही. न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगितले. ते बजरंगच्या पाठीवर कोणी वळ उठवावेत तसे मला ऐकू आले, आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

कोर्टानं नोंदीची नक्कल ठेवून घेतली आणि रजिस्टर परत दिलं. बाहेर बजरंग मोटारसायकल चालू करून उभा होता. "बस," तो म्हणाला. एवढाच शब्द. ताई त्याच्या समोरून चालत गेल्या आणि रिक्षात बसल्या. रिक्षात माझ्या मांडीवर ते रजिस्टर होतं आणि मागं लॅबच्या दारापर्यंत मोटारसायकलचा आवाज होता.

वर लॅबमध्ये आल्यावर ताई कामाचे हातमोजे घालायला थांबल्या नाहीत. चौदा वर्षांपूर्वीचं पान उघडलं, पट्टी ठेवली आणि वाकड्या बोटांत पेन धरून एक सरळ रेघ मारली. जुनं खाली वाचता येत होतं. शेजारी त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, आजची तारीख घातली. मग रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दार आदळलं. बजरंग आत आला होता. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, मूठ वळलेली. मोकळ्या हातानं त्यानं कपाटावरची काचांची चळत खाली लोटली आणि तुकडे आमच्या पायाशी उडाले. माझ्या पायातून रक्त आलं. मी स्टुलाकडं बघितलं, ते हाताशीच होतं. पण ताई रजिस्टरावर बोट ठेवून उभ्या होत्या, माझं वाचन व्हायची वाट बघत. नियमाप्रमाणं मी वाचल्याशिवाय पुढचं काही होणार नव्हतं.

मी मोठ्यानं वाचलं. जिन्यापर्यंत जाईल, खालच्या ओपीडीच्या रांगेला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

"राजेश्वरी बजरंग. वय बत्तीस. पांथरी. नवऱ्यानं पोटात लाथ मारली. नऊ दिवसांपूर्वी." मी बजरंगकडं बघितलं. खाली रांगेतली माणसं जिना चढून वर येऊ लागली होती. "बरोबर?"

"बरोबर," ताई म्हणाल्या.

मग मी खाली माझी सही केली. ताईंनी केरसुणी घेतली आणि काचा गोळा करायला लागल्या, आणि दारात उभ्या असलेल्या लोकांना म्हणाल्या, की ह्या माणसाला जरा बाहेर घ्या, अजून चार बाटल्या वाचायच्या राहिल्यात.